गाठ सोडणारा गहिनीनाथ

गहिनीनाथला बसा म्हणणं हा आमच्या दवाखान्यातला नेहमीचा विनोद होता. डॉक्टर म्हणायचे, याला खुर्ची देऊ नका, वाया जाते. प्लास्टरच्या खोलीत काम नसलं की हा माणूस व्हरांड्यात येरझारा घालायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, पाण्याच्या पिंपात डोकावून बघायचा, आणि पाथर्डीच्या एसटीची वेळ झाली की कुणाला न सांगता नाहीसा व्हायचा. मला त्याच्या या येरझाऱ्यांचा भयंकर राग यायचा. त्या वर्षी सगळ्या नगरालाच घडीभर बूड टेकायची सोय नव्हती, त्यात हा एक.

ते बहात्तर-त्र्याहत्तरचं दुष्काळी साल. पाऊस पडला नाही एवढंच सांगून त्या वर्षाची कल्पना यायची नाही. पाथर्डीकडची माणसं दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला निघायची. त्या साली ऊसच वाळून गेला, मग कोयते घरात टांगून ती खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती उचलायला निघाली. ज्यांनी जन्मात घण उचलला नव्हता त्यांनी तो उचलला. डोळ्यात दगडाची कपची जायची, बोटं चेचायची, मातीची दरड अंगावर यायची, माणसांनी भरलेले ट्रक घाटात कलंडायचे. हे सगळं शेवटी नगरात येऊन पडायचं. नगरात तरी काय होतं? नळ कोरडे, चौकाचौकात हंड्यांच्या रांगा, आणि एसटी स्टँडावर रोज नवी माणसं.

आमचा दवाखाना सरकारचा नव्हता आणि कुणा शेटजीचाही नव्हता. गावातल्या काही भल्या माणसांनी ट्रस्ट करून तो उभा केला होता आणि देणग्यांवर तो कसाबसा चालायचा. मोडलेलं, चेचलेलं माणूस दारात आलं की आधी आत घ्यायचं, नाव-गाव नंतर विचारायचं, हा एकच नियम. खाटा संपल्या तेव्हा आम्ही व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, सतरंज्या संपल्या तेव्हा पोती. प्लास्टर भिजवायला पाणी लागतं, आणि टँकर आला तर आला. एकाचं प्लास्टर भिजवून उरलेलं पाणी मी दुसऱ्यासाठी झाकून ठेवायची आणि त्यावर राखण करायची.

मी तिथं सिस्टर होते. मूळची देवळाली प्रवऱ्याची. छप्पन साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून दिले. तेव्हापासून गुण, नवस, उतारा असलं काही कानावर पडलं की माझं डोकं तापतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिकतीत ते बऱ्याचदा तापणार आहे.

गहिनीनाथ आमच्याकडे आला तो चांगुणाबाईमुळं. ही पाथर्डी तालुक्यातली बाई तलावाच्या कामावर दरडीखाली सापडली होती. तिचा हात बांबूच्या कामट्या लावून, पाल्याचा लेप देऊन, वर धोतराच्या पट्टीनं करकचून बांधलेला. बांधून चार-पाच दिवस झाले असतील. पट्टीच्या बाहेर जी बोटं दिसत होती ती सुजून वांग्याच्या रंगाची झाली होती. डॉक्टरांनी कात्री हातात घेतली आणि बाईनं हात पदराखाली ओढला. म्हणाली, रखमाजीबाबानं बांधलंय, परक्यानं गाठ सोडायची न्हाई. जोर केला तर उठून चालू लागेन म्हणाली, आणि खरंच उठली.

हा रखमाजी म्हणजे पाथर्डीजवळच्या एका वस्तीवरचा हाड बसवणारा. बापजाद्यांपासून त्यांच्या घरात ते चालत आलेलं. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, नाहीतर त्याच्या घरच्या माणसानं. परक्यानं गाठ सोडली की मोडलेलं हाड रुसतं आणि बांधणाऱ्याच्या हातातला गुणही जातो, असं त्या सगळ्या भागात मानत. सोडलेली पट्टीसुद्धा फेकायची नाही, ती त्या घरी परत पोचवायची. मी म्हटलं, बाई, हात गेला तर पट्टी कुठं बांधाल? पण चांगुणाबाई पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर माझ्यापेक्षा शांत डोक्याचे. त्यांनी विचारलं, त्या घरचं जवळपास कुणी आहे का? तर चांगुणाबाईचा नवरा म्हणाला, रखमाजीचा पाठचा भाऊ हितंच भिंगारकडं खडीवर हाय.

त्याला सायकलवर घालून आणला. तिशीचा, काटक, अंगभर खडीची पांढरी धूळ. त्यानं चांगुणाबाईला राम राम केला, तिच्यापुढं उकिडवा बसला आणि दोन चिमटीत गाठ अशी सोडली की बाईला कळलंही नाही. पट्टीची घडी करून खिशात घातली. मग स्वतःच डॉक्टरांना म्हणाला, आता तुमी बघा, माझं झालं. संध्याकाळपर्यंत त्या बोटांचा काळेपणा उतरायला लागला. बाईचा हात वाचला आणि डॉक्टरांनी गहिनीनाथला खडीवर परत जाऊ दिलं नाही.

अशा बांधलेल्या हातापायांची त्या वर्षी रीघच लागली होती. आठवड्यातून दोन-तीन तरी यायचेच. गहिनीनाथ गाठ सोडायचा, डॉक्टर पुढचं बघायचे, मी पाणी राखायची. हळूहळू तो प्लास्टर घालायलाही शिकला. मी मात्र रखमाजीच्या नावानं बोटं मोडायची. एकदा मी फाडफाड बोलले की तुमच्या भावाला माणसं लुळी करायची हौस आहे का? गहिनीनाथ प्लास्टर भिजवत होता. मान वर न करता त्यानं सांगितलं की पूर्वी दादा बांधून झालं की रोज संध्याकाळी त्या माणसाच्या घरी जायचा. सूज आली असली तर गाठ सैल करायचा, उतरली असली तर आवळायचा. आता माणूस आज बांधून घेतं आणि दुसऱ्या दिवशी हजेरी बुडू नये म्हणून ट्रकात बसून वीस कोसांवर जातं. तिथं उन्हात हात सुजतो.

"दादाची गाठ घट्ट न्हाई, सिस्टरबाई," तो म्हणाला. "मानूस दादापसून लांब गेलंय."

मी त्याला पाणी सांडू नकोस म्हणून दरडावलं.

पण असल्या गोष्टी लपून राहत नाहीत. गहिनीनाथ नगरात दवाखान्यात बसून दादाच्या गाठी सोडतो, आणि वर पगार घेतो, हे वस्तीवर पोचायला कितीसा वेळ लागणार? शिवाय सांगणाऱ्यानं तिखटमीठ लावलंच असेल. बाजाराच्या दिवशी देवळासमोर चार माणसांत रखमाजीनं सांगून टाकलं की गहिन्या आता आमच्या घरातला नाही. त्याच्या हातून गाठ सुटली तर ती परक्यानंच सुटली असं समजा.

त्या एका वाक्यानं आमचं कंबरडं मोडलं. पुढच्याच आठवड्यात दोन माणसं गहिनीनाथला बघून मागं फिरली. तिसरा कारभारी नावाचा विशीतला गडी. लग्नाला वर्ष झालेलं, बायको पोटुशी, ती बरोबर होती. त्याचा पंजा पट्टीखाली पार काळा पडला होता आणि वास यायला लागला होता. गहिनीनाथ त्याच्यापुढं उकिडवा बसला तेव्हा त्यानं हात मागं घेतला. गहिनीनाथनं हात जोडले, आईची आण घातली. कारभारी मान हलवत राहिला. शेवटी तापानं त्याची शुद्ध हरपली तेव्हा डॉक्टरांनी बायकोला विचारून पट्टी कापली आणि मग हातही कापावा लागला, कोपराखाली. त्या दिवशी गहिनीनाथ माझ्याकडं कुदळ मागायला आला. दवाखान्यामागच्या लिंबाखाली त्यानं त्या कापलेल्या हातासाठी खड्डा खणला. मला त्या दिवशी रखमाजी समोर हवा होता, चार शब्द सुनवायला.

गहिनीनाथनं दुसऱ्या दिवशी रजा मागितली. सोडलेल्या पट्ट्या त्यानं साठवून ठेवल्या होत्या. पाण्याचा एवढा ठणठणाट, तरी स्वतःच्या आंघोळीच्या तांब्यातून वाचवून धुतलेल्या. त्या गाठोड्यात बांधून तो वस्तीवर गेला. परत आला तो गाठोडं घेऊनच. दादा ओसरीवर बसला होता आणि त्याच्याशी बोलला नाही, एवढंच त्यानं सांगितलं. वहिनीनं पाणी दिलं ते बाहेरच्या तांब्यातून, पाहुण्याला देतात तसं. ते सांगून तो लगेच फाटकाकडं गेला.

मग सुरू झाल्या त्या एसटीच्या फेऱ्या. त्याचा हिशेब सरळ होता. दवाखान्याच्या पायरीवर माणूस हटून बसतं, स्टँडावर अजून गोंधळलेलं असतं. तिथंच गाठलं तर चहा पाजून, गोड बोलून, निदान पट्टीबाहेरची बोटं बघू देईल. म्हणून पाथर्डीची गाडी आली की हा धावायचा. कधी एखाद्याला घेऊन यायचा, बहुतेक वेळा एकटाच परत. लोक त्याला टाळायला लागले होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात व्हरांड्यात त्या येरझारा. जेवायचा उभ्यानं. मी विचारलं की झोपेत तरी आडवा होतोस का? म्हणाला, डोळा लागतो, पन कारभाऱ्याचा हात दिसतो.

मला त्याची दया यायची आणि दया आली की मी जास्तच खेकसायची. स्वभावाला औषध नाही, दवाखान्यातसुद्धा.

उन्हाळा ऐन भरात आला होता. एके दिवशी दुपारी तलावाच्या कामावरचा ट्रक फाटकात लागला आणि एक बाई उतरली. मागून दोघांनी धरून एक माणूस उतरवला. पन्नाशीकडं झुकलेला, उंच, पांढऱ्या मिशा. त्याचा उजवा हात बांधलेला होता, कामट्या लावून, धोतराच्या पट्टीनं. त्या पट्टीची गाठ मात्र वेडीवाकडी, रक्तात वाळून दगडासारखी झालेली. बाईनं नाव सांगितलं, भागिरथी. ती रखमाजीची बायको, आणि हा रखमाजी.

दुष्काळानं कुणाला सोडलं होतं? हाडं बसवणारा रखमाजीही कामावर जात होता. ट्रकात दगड भरताना धोंडा घसरला आणि पंजा दोन दगडांत सापडला. आता त्याचा हात कोण बांधणार? घरचं माणूस दुसरं नव्हतंच. मुलं झाली नव्हती आणि भाऊ त्यानं स्वतःच काढून टाकलेला. तेव्हा त्यानं डाव्या हातानं आणि दातांनी स्वतःच पट्टी आवळली. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा भागिरथीनं ट्रकवाल्याच्या पाया पडून त्याला आणलं होतं.

व्हरांड्यात पाथर्डीकडची निम्मी माणसं पडून होती. रखमाजीला बघून काहींनी पडल्या पडल्या हात जोडले. सतरंजीवर एक म्हातारी होती, साळूबाई. रखमाजीनं बांधलेलं कोपर घेऊन ती सकाळपासून कुणाला हात लावू देत नव्हती. कारभारीही होताच, रिकामी बाही दुमडून भिंतीला टेकलेला.

रखमाजीला तिथंच एका खाटेवर निजवलं. डॉक्टरांनी बोटं बघितली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्ता पट्टी निघाली तर काहीतरी वाचेल, उशीर झाला तर पंजा जाईल. रखमाजीला तेच समजावलं. तो म्हणाला, ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आन् माझा ह्यो एक हात चालत न्हाई. त्यानं डाव्या हातानं गाठ ओढून बघितली, दात लावले, पण तापानं त्याचा जबडा थरथरत होता. गाठ हलली नाही.

मी गहिनीनाथला शोधायला वळले तर तो दारातच उभा होता. जो माणूस कधी एका जागी ठरला नाही, तो चौकटीला धरून खिळल्यासारखा उभा. मी म्हटलं, बघतोस काय, सोड ती गाठ.

"न्हाई, सिस्टरबाई," तो म्हणाला. "म्या आता त्या घरातला न्हाई. म्या सोडली तर परक्यानं सोडली आसं हुईल. दादाच्या हातातला गुन जाईल."

तेव्हा माझं डोकं असं तापलं की विचारू नका. महिनोन् महिने हा माणूस लोकांना आण घालत फिरला, गाठ सोडू द्या म्हणून. आणि स्वतःच्या भावाच्या वेळेला याचं घोडं तिथंच अडलं. मी म्हटलं, गुण राहू दे बाजूला, हात जातोय त्याचा. मला कात्री द्या, मी कापते, मला कुणाचा गुण जायची भीती नाही. मी खरंच कात्री उचलली. पण रखमाजीनं हात छातीशी धरला, आणि गहिनीनाथ माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभा राहिला. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण माझ्याविरुद्ध मात्र एक होते.

शेवटी भागिरथी बोलली. तोवर ती पायथ्याशी खाली बसून होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, भिंतीला टेकलेल्या कारभाऱ्याच्या दुमडलेल्या बाहीकडं बघितलं.

"लोकांच्या हाताला तुमचा शबुद आडवा आला," ती म्हणाली. "आता तुमच्याच हाताला आलाय. तुमीच बांधलाय, तुमीच सोडा."

रखमाजीनं तिकडं बघितलं. कारभाऱ्याला त्यानं ओळखलं असावं, कारण बराच वेळ त्याची नजर त्या बाहीवरच राहिली. शेवटी मान खाली घातली ती रखमाजीनं. मला तो उशीर सहन होईना, कारण प्रत्येक घटकेला त्या पट्टीखाली काय चाललंय ते मला माहीत होतं.

मग तो डावा हात खाटेवर टेकून उठून बसला.

"समद्यांनी ऐका," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता. "ह्यो माझा पाठचा भाऊ हाय. देवळाम्होरं बोललो ते म्या माघारी घेतो. आजवर ह्यानं सोडलं ते घरच्यानंच सोडलं. कारभाऱ्या, तुझ्या हाताचं पाप माझ्या माथ्यावर." आणि मग गहिनीनाथकडं न बघताच हात पुढं केला. "सोड, गहिन्या."

गहिनीनाथ उकिडवा बसला. ज्या चिमटीनं त्यानं इतक्या गाठी अलगद सोडल्या, ती या गाठीवर घसरायला लागली. दातांनी आवळलेली गाठ, त्यात रक्त वाळलेलं. मी झाकून ठेवलेलं पाणी आणलं आणि सगळं त्या गाठीवर ओतलं, हात आखडता घेतला नाही. तरी ती सुटेना. तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि दातांनी गाठ धरली. रखमाजीचा डावा हात आपोआप भावाच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. गाठ सुटली तेव्हा दोघंही रडत होते, आणि मीही. कात्री माझ्या हातात तशीच होती.

पुढचं काम डॉक्टरांचं. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढावं लागलं, बाकी पंजा वाचला. त्याच दुपारी, रखमाजीला आत नेलं असताना, साळूबाईनं गहिनीनाथला हाक मारली आणि आपलं कोपर त्याच्यापुढं धरलं.

रखमाजी बरेच दिवस आमच्याकडं होता. वस्तीवर परत गेल्यावरही त्याच्याकडं माणसं यायचीच. तो कामट्या लावायचा, सैल पट्टी गुंडाळायचा आणि टोक नुसतं खोचून द्यायचा. नगरला भावाकडं जा, तो पुढचं बघंल, एवढं सांगायचा. लोक म्हणायचे, बोटं गेल्यामुळं बाबाला गाठ मारता येत नाही. मारता येत होती. आमच्या व्हरांड्यात बसून त्या उरलेल्या बोटांनी तो धोतराच्या काठाला गाठी मारायचा आणि सोडायचा, मी बघितलंय.

पण मला आठवते ती गाठ सुटल्यानंतरची दुसरी दुपार. रखमाजी शुद्धीवर येऊन पडला होता. गहिनीनाथ त्याच्या खाटेशी बसला होता, चक्क खाली मांडी घालून, आणि डॉक्टरांनी मला खुणेनं ते दाखवलंसुद्धा. त्या रक्ताच्या पट्टीची धुऊन केलेली घडी उशीखाली होती, भागिरथी वारा घालत होती. तेवढ्यात गहिनीनाथची चुळबुळ सुरू झाली. तो फाटकाकडं बघायचा, भावाकडं बघायचा, अर्धा उठायचा, परत बसायचा. आज तरी जाऊ नकोस म्हणून मी डोळे वटारले.

रखमाजीनं डोळे मिटलेलेच ठेवले.

"पाथर्डीची गाडी आली आसंल," तो म्हणाला. "जा. म्या बांधलेलं कुनी आसंल तिच्यात."